चार माग आणि एक पेटी

४ फेब्रुवारी

आत्या,

फोन केला असता, पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकवायचं, आणि शेवटी तेवढी तूच ऐकायची राहतेस. मागांच्या खडखडाटाने तुझे कान खाल्ले, त्याला तू तरी काय करणार? म्हणून पत्र.

तर बातमी अशी की मला पाचवा महिना लागलाय. आधी कळवलं नाही म्हणून रागावशील. रागव. पहिले चार महिने मी फक्त उलट्या केल्या, त्यात पत्र कुठून लिहिणार?

उलट्या थांबल्या आणि आता पोटरीत गोळे यायला लागलेत. पहाटे झोपेत पाय ताणला की पोटरी मुठीसारखी आवळून बसते. मी किंचाळते. तुझा जावई दचकून उठतो आणि दिवा लावायच्या ऐवजी पंखा बंद करतो. दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवणारा माणूस, पण बायकोचा पाय अडकला की त्याला कळ सापडत नाही.

दिवसा मी आठ तास तपासणीच्या टेबलाशी उभी असते. शर्ट उलटायचा, काजं बघायची, बटणं ओढून बघायची, सुटे धागे कापायचे, खिशात आपल्या नंबरची आणि तारखेची चिठ्ठी घालायची आणि शर्ट पुढे सरकवायचा. शिवणाऱ्या बसतात, तपासणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या उभ्या. बसलं की नजर मरते, असं आमच्या सुपरवायझरबाईंचं म्हणणं आहे. त्यांना आम्ही टाचणी म्हणतो. बारीक आहेत आणि टोचतात.

पण तू काळजी करू नकोस. नऊ महिने चार माग उभ्याने चालवणाऱ्या बाईची मी भाची आहे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या लाकडी पेटीवर बसून, पाय हलवत, ती गोष्ट मी बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलीय! दुपारी दोनला तू माग थांबवलेस आणि चारला दादा झाला. नोकरीच्या मुलाखतीत टाचणीने मला विचारलं होतं, "दिवसभर उभं राहायला जमेल का?" तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली. बाई इतकी खूश झाली की उद्यापासूनच ये म्हणाली.

फक्त एक सांग. तुला गोळे येत नव्हते का? येत असतील तर तू उभी कशी राहायचीस?

तुझी भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद मागून, आधी बोलणी खा. पाचव्या महिन्यात कळवतेस? मी काय जिन्यात भेटणारी शेजारीण आहे? पत्र वाचून एकटीच हसत बसले आणि तिकडे दूध उतू गेलं. ते पुसायला तू येणार आहेस का?

आता पोटरीचं. गोळा आला की किंचाळत पडून राहायचं नाही. गुडघा सरळ करायचा, टाच पुढे दाबायची आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. बोटं पुढे ताणलीस की गोळा आलाच म्हणून समज. सुटला की खोलीत चार पावलं टाकायची. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणत जा. पाणी पी. लघवीला सोडत नाहीत म्हणून कामावर पाणी न पिणाऱ्या बायका मी खंडीभर पाहिल्यात, तू त्यांच्यातली होऊ नकोस. आणि दवाखान्यातल्या सिस्टरला हे सगळं सांग. मी विणकर आहे, डॉक्टर नाही.

जावईबापूंना म्हणावं, पंखा नको, दिवा.

मला गोळे येत होते की नाही ते आता आठवत नाही. तीस वर्षं झाली. तुझ्या बापाला त्या दिवसांतलं माझ्यापेक्षा जास्त आठवतं, आणि तो तर मागांच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकायला आला नव्हता.

तुमच्या टेबलाजवळ एखादं स्टूल नाही का? विचारून बघ. विचारायला कुणी हात धरलाय?

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझी युक्ती चालली. परवा गोळा आला तशी मी टाच पुढे दाबली, बोटं मागे ओढली आणि तो आला तसा गेला. जावई आता दिवा लावायला शिकलाय, पण गोळा गेल्यावर लावतो.

स्टुलाचं मी विचारलं नाही. माझ्याआधी दुसरीने विचारलं, आणि पुढे जे झालं ते लिहायची मला लाज वाटतेय. पण तुझ्यापासून काय लपवायचं?

माझ्या शेजारी एक मुलगी शर्टांच्या घड्या घालते. तिला आम्ही घडीवालीच म्हणतो. तिला सहावा आहे. सोमवारी तिने टाचणीला हळूच विचारलं, "बाई, दुपारनंतर थोडा वेळ बसून घड्या घातल्या तर चालेल का?" टाचणीने उत्तर दिलं ते पार इस्त्रीवाल्यांपर्यंत गेलं. "हिच्या आत्याने नऊ महिने चार माग उभ्याने चालवले. बाळंतपणाच्या दोन तास आधीपर्यंत! आणि तुला घड्या घालायला स्टूल पाहिजे?" हे बोलताना तिचं बोट माझ्याकडे होतं.

टेबलावरच्या सगळ्या जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून एकाच शर्टाची बटणं पुन्हा पुन्हा ओढत राहिले. तेव्हापासून घडीवाली माझ्याशी बोलत नाही. डबा घेऊन पलीकडच्या खिडकीशी जाते.

आता मी स्टूल कुठल्या तोंडाने मागू? आणि मागून मिळालं, तर टाचणी म्हणेल, हिची आत्या उभी आणि ही बसली. म्हणून मी ठरवलंय, बसायचंच नाही. कालपासून गोळे दिवसाही येतात. डाव्या पायात आला तेव्हा मी टेबलाची कड धरली, ओठ चावला आणि शर्ट तपासत राहिले. टाचणी बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर होती. शोभले की नाही तुझी?

भिंगरी

२५ फेब्रुवारी

भिंगरे,

नाही शोभलीस. ओठ चावून शर्ट तपासायला तुला कुणी सांगितलं होतं?

ती टाचणी कोण लागून गेली माझं उदाहरण देणारी? तिने मला कधी पाहिलंय? राग आला म्हणून हे लिहिलं, मग आठवलं की उदाहरण तिच्या हातात तूच दिलंस. आणि तुझ्या हातात कुणी दिलं, ते जाऊ दे.

तुला आमच्या शेडचं एक सांगते. दोनशे माग एकदम चालायचे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. ओठांवरून बोट फिरवलं की जॉबर आला. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि उरलेल्या वेळात आमच्यावर डोळा ठेवणारा. त्याला मोठी मिशी होती. डाव्या कोपरावर दोन बोटं दोनदा आपटली की त्याचा अर्थ, "माझे माग बघ, मी आले." मग शेजारचीने तिचे चार आणि आपले चार, असे आठ माग बघायचे. माझ्या शेजारी डावरी होती. डाव्या हाताने गाठ मारायची म्हणून डावरी. धागा तुटला की तिची गाठ बसलेली असायची, आणि आपण अजून टोक शोधतोय. कधी पाणी प्यायला जायचं असलं, कधी आणखी कशाला, की मी कोपरावर बोटं आपटायची आणि ती नुसती मान हलवायची.

घडीवालीशी तू जाऊन बोल. ती येणार नाही, आणि तिने का यावं? आणि बस. मी सांगतेय म्हणून बस. घराण्याचं नाव पायाला बांधून फिरायचंय का तुला?

आणखी एक लिहायचं होतं, पण कागद संपला.

आत्या

३ मार्च

आत्या,

कागद कसा संपला? तुझ्या पत्राची मागची बाजू सबंध कोरी होती.

घाईत लिहितेय. घडीवाली आज टेबलाशीच कोसळली. पडताना कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. दवाखान्यात नेलं, बाळ ठीक आहे म्हणाले. टाचणी म्हणाली, "सकाळी उपाशी येतात आणि मग इथे पडतात." मी घडीवालीशी बोलणार होते गं. उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिले.

त्यानंतर सुटी होईपर्यंत माझ्या डाव्या पायातला गोळा सुटला नाही. तीन-चार शर्ट मी न बघताच पुढे सरकवले, आत माझ्या नंबरची चिठ्ठी घालून. हे कुणाला सांगू नकोस. उजवा पाय एकदम ठीक आहे. डावी पोटरी जरा सुजलीय आणि हात लावला की गरम लागते. जावई तेल लावून चोळतोय. दोन दिवसांत उतरेल. पंधरा तारखेला दवाखान्यात जायचंच आहे, तेव्हा दाखवीन.

तू उभी राहिलीस, मीही राहीन. आता तर मुद्दामच राहीन.

भिंगरी

६ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र हातात पडलं तशी मी अनवाणी शेजारच्या मास्तरांकडे गेले आणि त्यांना जावईबापूंना फोन लावायला लावला. तेव्हा हे वाचशील तोवर तू दवाखान्यात जाऊन आलेली असशील. नसशील, तर हे पत्र खाली ठेव आणि आधी ऊठ. गोळा येतो आणि जातो. एकच पोटरी सुजली, गरम लागते आणि दुखणं थांबत नाही, हा गोळा नव्हे, हे डॉक्टरने आजच्या आज बघायचं. आणि तो पाय चोळायचा नाही. पंधरा तारीख गेली खड्ड्यात. आमच्या शेडमधल्या एकीचा असाच एक पाय सुजला होता आणि ती सुटीच्या दिवसापर्यंत थांबली. तिच्याबद्दल याहून जास्त मी तुला आज लिहिणार नाही.

जाऊन आलीस? मग आता पुढचं वाच.

मी बसत होते.

दादाच्या वेळी पाचव्या महिन्यापासून माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे यायचे. आठवत नाही म्हणून लिहिलं ते खोटं. असं काही कुणी विसरतं का? मागांच्या मागे, भिंतीच्या बाजूला, कांड्यांची पेटी असायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, ती आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची. पेटी रिकामी झाली की मी ती उपडी करून तिच्यावर बसायची. कोपरावर दोन बोटं आपटायची, आणि डावरी आठ माग सांभाळायची. एका वेळी अर्धा तास, दिवसातून पाच-सहा वेळा, चार महिने. जॉबर दिसला की ती ओठांवरून बोट फिरवायची आणि मी उभी. त्याने मला एकदाही बसलेली पाहिली नाही. म्हणून दादा झाल्यावर तो तुझ्या बापाला म्हणाला, "तुझी बहीण लोखंडाची आहे."

तुझ्या बापाने ते गावभर केलं. आणि मला ते आवडलं, भिंगरे. बाईला कोण कधी लोखंडाची म्हणतं? पहिल्यांदा गप्प बसले, दुसऱ्यांदा गप्प बसले, आणि नंतर तोंड उघडायची वेळ निघून गेली. पुढे तू आलीस. एवढे मोठे डोळे करून ऐकायचीस. तुझ्यासमोर खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

आणि मी बसत होते हे लपवलं, ते एक वेळ सोडून दे. त्या गोष्टीत डावरी कुठे आहे? आठ माग तिने चालवले आणि नाव माझं झालं. एकदाही तिने त्यावर तोंड वाकडं केलं नाही. ती वारली तेव्हा तिच्या दारात उभी राहून मी मनात म्हटलं, आता तरी सांगते. नाही सांगितलं. आज माझ्या गप्प बसण्याने तुमच्या टेबलावर एका पोरीचं कपाळ फुटलं आणि तुझा पाय सुजला.

हे पत्र त्या टाचणीसमोर वाच. मोठ्याने वाच. माझी अब्रू जाईल म्हणशील, तर जाऊ दे. या वयात ती सांभाळून मला कुठे न्यायचीय?

आत्या

१४ मार्च

आत्या,

आधी दवाखान्याचं, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मास्तरांचा फोन आला तेव्हा जावई कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसला होता. तशाच काळ्या हातांनी तो थेट आमच्या फाटकाशी आला आणि मला घेऊन गेला. पायाची सोनोग्राफी केली. रक्ताची गाठ नाही. तासन् तास उभं राहून आणि गोळे दाबून धरून पोटरीचा स्नायू दुखावलाय, त्यात वरून आम्ही चोळला. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं की बाळानेही लाथ मारली. म्हणाल्या, "गाठ नाही हे तपासल्यावर कळलं, तुम्ही घरी बसून कसं ठरवलंत?" एका वेळी अर्ध्या तासाच्या वर उभं राहायचं नाही, अशी चिठ्ठी लिहून दिली.

आता दुसरं. मी तुझ्यावर रागावलेय. पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्याशी मनातही बोलले नाही. लहानपणापासून मी तुझ्यासारखी व्हायला धडपडतेय, आणि तू तशी नव्हतीसच! तुझी गोष्ट खरी धरून मी ओठ चावला, पाय सुजवला, मैत्रीण गमावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पत्र वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त आवडलीय. पण राग आहे, तो राहू दे थोडे दिवस.

काल कामावर गेले. घडीवाली परत आलीय, कपाळावर तीन टाके. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चूक माझी आहे, आणि गोष्ट खोटी आहे." जेवणाच्या सुटीत तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. "मी बसत होते" वाचलं मात्र, घडीवालीला हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून ती हसत होती आणि आई गं, आई गं म्हणत होती. मग सगळ्याच.

मग चिठ्ठी घेऊन मी टाचणीकडे गेले. तिने चिठ्ठी बाजूला ठेवली. म्हणाली, "इथे सगळ्यांना एकच नियम. तुझ्या आत्याने..." मी तिला तिथेच थांबवलं आणि तुझं पत्र तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. लाल झाली. म्हणाली, "आत्याचं पत्र म्हणजे काय कायदा झाला?"

मी म्हटलं, "मग आत्याची गोष्ट कायदा कशी झाली होती?"

दुपारी तीनला डाव्या पायात कळ आली. मी कोपरावर दोन बोटं दोनदा आपटली, शर्टांचं रिकामं खोकं उपडं केलं आणि बसले. घडीवालीने माझे शर्ट स्वतःकडे ओढले. अर्ध्या तासाने तिने बोटं आपटली. तिच्यानंतर पलीकडची, जिला काही दिवस-बिवस नाहीत, फक्त गुडघे आहेत. टाचणीने टेबलावरच्या आम्हा बारा जणींचे नंबर लिहून घेतलेत. पंचवीस तारखेला मोठे साहेब येणार आहेत आणि तेव्हा बारा जणींतल्या कोण राहणार ते ठरेल, असं ती म्हणाली.

मला भीती वाटतेय. ही नोकरी गेली तर या पोटाने दुसरी कोण देणार? पण आम्ही उद्याही बसणार आहोत.

भिंगरी

१९ मार्च

भिंगरे,

चोवीसला संध्याकाळच्या गाडीने मी येतेय. पंचवीसला तुझ्याबरोबर कामावर येईन. येऊ नकोस म्हणून लिहू नकोस, ते पत्र मला मिळणार नाही.

जावईबापूंना स्टँडवर यायला सांग. माझ्याबरोबर जड सामान आहे. शेड बंद पडली तेव्हा सगळ्या जणी आपापली आठवण म्हणून काही ना काही घेऊन गेल्या. कुणी धोटा नेला, कुणी कैची. मी पेटी आणली. तुला ती माहीत आहे. तू तिच्यावर बसून, पाय हलवत, माझ्या उभं राहण्याची गोष्ट ऐकायचीस.

आत्या

२९ मार्च

भिंगरे,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, उभं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी माझ्याशेजारी सरकवून घेतलं.

आता मला एक सांग. पंचवीसला मला काही म्हणजे काहीही ऐकू आलं नाही, फाटकावरच्या माणसाचंही नाही, म्हणून तर पेटी घेऊन आत येता आलं. तीस वर्षं मी लोकांचे ओठ वाचत आले, पण तुमच्या साहेबाची मिशी आमच्या जॉबरला लाजवील अशी. ओठ दिसतील तर शपथ. तो माझ्यासमोर उभा राहून तीनदा काहीतरी म्हणाला. मी पेटीवरून उठले नाही. हात रिकामे राहवेनात म्हणून पाठवायला ठेवलेल्या खोक्यातून एक शर्ट ओढला आणि बघायला लागले. तिसऱ्या बटणाचं काज कापलेलंच नव्हतं. ते मी साहेबाच्या नाकासमोर धरलं. तेवढ्यात तू काहीतरी बोललीस आणि टेबलावरच्या सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मग मिशी बराच वेळ हलत राहिली. नंतर तू मला मिठी मारलीस आणि तिथून थेट गाडीत बसवलंस. घाईत विचारायचं राहिलं.

काय बोलणं झालं? सगळं लिही. गाळू नकोस, मी गाळून काय होतं ते पाहिलंय.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

सगळं लिहिते.

साहेब तीनदा म्हणाले ते हे: "आजी, इथे बसता येणार नाही." तिसऱ्यांदा तर हात जोडून म्हणाले. तू त्यांच्या हातात शर्ट दिलास. त्यांनी काज बघितलं, खिशात बोट घातलं आणि चिठ्ठी काढली. विचारलं, "सात नंबर कोण?"

सात नंबर माझा आहे.

टाचणी लगेच म्हणाली, "बघा साहेब, बसून तपासल्याचा परिणाम." ते ऐकून गप्प बसले असते, तर दोष आम्हा सगळ्यांच्या बसण्यावर गेला असता, आणि खरं बोलले असते तर सगळा माझ्या एकटीवर आला असता. मग तू पेटीवर बसलेली दिसलीस. काही ऐकू येत नसताना, सगळं ऐकू येत असल्यासारखी मान हलवत होतीस.

मी म्हटलं, "साहेब, तो मी तपासला. चिठ्ठीवर तारीख आहे. तीन मार्च. त्या दिवशी इथे कुणीही बसलेलं नव्हतं. तपासला म्हणजे, तपासलाच नाही. पायात गोळा होता आणि डोळ्यांना शर्ट दिसत नव्हता. असे आणखी दोन-तीन गेलेत. ते उभ्याने गेलेत."

मग घडीवाली आपल्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि मी इथे पडले ती तारीखही तीन मार्चच, साहेब."

साहेबांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने चिठ्ठीकडे पाहिलं. मग मिशी हलली ती ही: "चार स्टुलं देतो. एक महिना बघतो. चुका वाढल्या तर परत नेणार." आणि मला म्हणाले, "सात नंबर, खरं बोललीस म्हणून ठेवतोय. पुढचा शर्ट असा गेला तर ठेवणार नाही." मी म्हटलं, "पुढचा शर्ट मी बसून बघणार आहे." हे जरा जास्तच झालं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

बारा जणींना चार स्टुलं. कोपरावर बोटं आपटत आम्ही ती फिरवतो. पहिल्या आठवड्यात आमच्या टेबलावरून एकही शर्ट परत आला नाही. टाचणी रोज मोजते. काल स्टूल रिकामं होतं तेव्हा ती मोजता मोजता त्याच्यावर टेकली आणि आम्ही बघतोय म्हटल्यावर अशी उठली, जशी काही खरोखरची टाचणी टोचली.

गोळे येतातच. आज पहाटेही आला. मी टाच पुढे दाबली, जावयाने वेळेवर दिवा लावला, आणि मी खोलीत चार पावलं टाकली. आता त्याची भीती वाटत नाही. तुझ्यावरचा रागही गेलाय. कधी गेला ते कळलं नाही.

पेटी तू इथेच विसरलीस असं तू म्हणशील. मी विश्वास ठेवणार नाही. ती आमचं पाचवं स्टूल आहे. घडीवालीने तिच्या दर्शनी बाजूवर शर्टांवर खुणा करायच्या निळ्या खडूने मोठ्या अक्षरांत "डावरी" लिहिलंय. खडू पुसतो, म्हणून रोज सकाळी कुणीतरी ते परत गिरवतं. नवीन आलेली प्रत्येक पोरगी विचारते, डावरी कोण? मग ज्या कुणाची पाळी पेटीवर असेल, तिने बसल्या जागी सबंध गोष्ट सांगायची. खरी.

तुझी भिंगरी